काळ्या डोंगराचे दोन रंग

पश्चिम रेल्वेनें रोज जा-ये करणाऱ्या असंख्य लोकांस बोरीवली हें केवळ एक स्टेशन म्हणूनच ठाऊक असतें. गाडी फलाटास लागली कीं उतरावयाचें, जिना चढावयाचा, रिक्षाच्या रांगेंत उभें राहावयाचें आणि घर गांठावयाचें. पूर्वेकडे मान वळवून डोंगराकडे पाहण्यास सवड कोणास आहे? वस्तुतः रेल्वेची आणि या गांवाची ओळख फार जुनी आहे. १८६७ च्या एप्रिल महिन्यांत विरारहून मुंबईस जी पहिली उपनगरी गाडी निघाली, तिच्या थांब्यांत बोरीवली होतें. पुढें १९५७ सालीं हा भाग बृहन्मुंबईंत सामील झाला, आणि शेतें, वाड्या व विहिरी यांच्या जागीं पाहतां पाहतां इमारती उभ्या राहिल्या.

परंतु गांवाच्या पाठीशीं असलेला डोंगर रेल्वेहूनही पुष्कळ जुना, आणि त्याचें नांवही तितकेंच जुनें. कान्हेरी हा शब्द ‘कृष्णगिरि’ या संस्कृत शब्दाचें बदललेलें रूप होय. कृष्णगिरि म्हणजे काळा डोंगर. या काळ्या डोंगराचा एक काळा-पांढरा फोटो आमच्या घराण्यांत पासष्टांहून अधिक वर्षें आहे. डोंगर खरोखरच काळा आहे कीं काय, हें डोळ्यांनीं पाहून येण्याची पाळी गेल्या कार्तिकांत माझ्यावर आली. ती कशी आली हें सांगण्यासाठीं आधीं त्या फोटोची हकीकत सांगितली पाहिजे.

१९५८ सालच्या डिसेंबरांत आमचें सबंध एकत्र कुटुंब वनभोजनासाठीं कान्हेरीस गेलें होतें. वडिलांजवळ घडीचा एक कॅमेरा होता. जेवणें उरकल्यावर त्यांनीं सर्वांस मोठ्या चैत्यगृहाच्या पायऱ्यांवर बसविलें आणि फोटो घेतला. पुढें उन्हांत दोन्ही काका, दोन्ही काकू, आई आणि आम्ही मुलें. मी तेव्हां चार वर्षांचा होतों. माझ्या एका पायांत चप्पल आहे, दुसऱ्या पायांतली कोठें गेली याचा शोध अद्याप लागलेला नाहीं. कडेला सतरा वर्षांची आत्या, दोन वेण्या पुढें घेऊन बसलेली. आणि अगदीं मागें, ओसरीच्या खांबाजवळ, सांवलींत उभी असलेली आजी. "माझा कसला फोटो काढतां!" असें म्हणून ती मागें सरली होती, आणि वडिलांनींही फार आग्रह केला नाहीं.

त्या फोटोची जी एक प्रत तेव्हां करून घेतली ती ज्यानें केली त्यानें धुण्यांत कसूर केली असावी. कारण कागदांत राहिलेल्या हायपोनें आणि मुंबईच्या दमट हवेनें मिळून तिची पुरी दैना केली. उजेडाच्या भागांवर पिवळे डाग पडले, काळ्या भागांवर आरशासारखी चंदेरी साय धरली, आणि त्या सायींत आजी पार बुडाली. सुदैवानें निगेटिव्ह शाबूत होती. एका कोपऱ्यास बुरशीचें बोट लागलें होतें, एवढेंच.

आत्या आज चौऱ्यांशी वर्षांची आहे. त्या फोटोंतील जाणतीं माणसें म्हणून आतां ती एकटीच उरली. ती बोरीवलीच्या पश्चिम भागांत ज्या इमारतींत पन्नास वर्षें राहिली ती पाडून तेथें नवी उठावयाची असल्यामुळें ती पुण्यास मुलाकडे जावयास निघाली होती. सामान बांधतां बांधतां तो खराब झालेला फोटो तिच्या हातीं लागला. ती मला म्हणाली, "अरे, यांत आई कोठें आहे? मला पुण्यास न्यायला आईचा फोटो हवा."

माझ्या पुतण्यानें तें ऐकलें आणि एका संध्याकाळींच निगेटिव्ह संगणकावर घेऊन सांवली उजळली. काम सफाईचें होतें. आजीचा चेहरा, कुंकू, फिकट लुगड्याचे काठ, सारें स्वच्छ दिसूं लागलें. आम्ही सर्वांनीं त्याची वाहवा केली. आत्यानें मात्र चष्मा लावून पुष्कळ वेळ पाहिलें आणि चित्र परत दिलें. "चांगलें केलेंस हो," ती म्हणाली, "पण ही आई नव्हे. आई अशी कधीं पुढें आली नाहीं. ती सांवलींतच उभी होती. ती तेथेंच दिसली पाहिजे."

पुतण्या हिरमुसला आणि मी विचारांत पडलों. माझी अंधारखोलीची हौस जुनी आहे. सेवानिवृत्तीनंतर ती न्हाणीघराच्या आश्रयानें कशीबशी टिकून आहे. सांवलींतील माणूस सांवलींतून बाहेर न ओढतां दाखवावयाचें कसें? उजळावें तर सांवली जाते, न उजळावें तर माणूस जातें. उजेडाच्या कमीअधिकपणानें जें साधत नाहीं तें रंगाच्या फरकानें साधेल काय, असें मनांत आलें. आणि तो रंग कोणता असावा हें ठरविण्यासाठीं आत्याला बरोबर घेऊन मी कान्हेरीची वाट धरली.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचें फाटक बोरीवली स्टेशनापासून पूर्वेस हांकेवर आहे. वनाचें क्षेत्र सुमारें १०४ चौरस किलोमीटर. विहार आणि तुळशी हे मुंबईस पाणी पुरविणारे दोन्ही तलाव याच डोंगरांत आहेत, पहिला १८६० सालचा व दुसरा १८७९ सालचा. फाटकापासून लेण्यांपर्यंत सुमारें सहा किलोमीटरांचा रस्ता झाडींतून जातो. १९५८ सालीं आम्ही यांतील बराचसा भाग बैलगाडींतून गेलों होतों असें आत्या सांगते. या खेपेस बसनें अर्ध्या तासाच्या आंत पोहोंचलों. पुढच्या पायऱ्या मात्र पायांनींच चढावयाच्या. आत्या दर दहा पायऱ्यांवर थांबे, आणि थांबली कीं एखादी आठवण सांगे, म्हणजे थांबणें दमल्यामुळें आहे हें कोणास कळूं नये.

कान्हेरीस लहानमोठीं मिळून शंभराहून अधिक लेणीं आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास येथें कोरण्यास आरंभ झाला आणि पुढें हजारएक वर्षें भिक्षूंचा वावर राहिला. जवळजवळ प्रत्येक लेण्यापाशीं पाण्याचें टांकें खोदलेलें आहे. पावसाचें पाणी पन्हळींनीं त्यांत उतरावें अशी योजना. शिलालेखांत कल्याण, सोपारें, नाशिक अशा गांवांच्या दात्यांचीं नांवें आहेत. व्यापारी आणि गृहस्थ येथें येत, एखादें टांकें किंवा लेणें करवीत, आणि त्याचें पुण्य आईबापांसही मिळावें असें लिहवून ठेवीत. नव्वदाव्या लेण्यांत तर इसवी सन १००९ व १०२१ या सालीं येऊन गेलेल्या पारशी मंडळींनीं पहलवी लिपींत आपलीं नांवें कोरलीं आहेत. वनभोजनास येऊन आठवण मागें ठेवण्याची हौस आमच्या घराण्यापुरतीच नव्हती, हें पाहून बरें वाटलें.

आमचें चैत्यगृह तें तिसऱ्या क्रमांकाचें. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णि याच्या कारकीर्दींत दोघां व्यापारी बंधूंनीं तें कोरविलें. आंत ३४ खांब आणि शेवटीं स्तूप. कांहीं खांबांवर हत्ती व माणसें कोरलेलीं, तर कांहीं नुसतेच अठपैलू, काम अर्ध्यावर राहिलेले. ओसरीच्या दोन्ही टोकांस सुमारें सात मीटर उंचीच्या दोन भव्य बुद्धमूर्ति उभ्या आहेत. मधल्या भिंतीवर दात्यांच्या जोडप्यांचीं चित्रें कोरलेलीं आहेत, त्यांतील स्त्रियांच्या कमरपट्ट्यांकडे बोट करून आत्या म्हणाली, "थोरल्या काकूनें अगदीं असाच हट्ट धरला होता."

आम्ही पायऱ्यांवर बसलों. अंगणांत ऊन होतें, ओसरींत सांवली. आतां मी मुद्दाम पाहूं लागलों. दुरून काळा दिसणारा हा दगड जवळून काळा नाहीं. ज्वालामुखीच्या राखेचा आणि फुटलेल्या दगडांचा हा गोळा. उन्हांत तो गव्हाळ दिसतो, पावसाचे ओघळ गेले आहेत तेथें काळसर हिरवा, आणि ओसरीच्या आंत... मला शब्द सुचेना. आत्या म्हणाली, "वांग्याच्या सालीसारखा." मीं पुन्हां पाहिलें आणि तें मला पटलें. काळा, पण आंतून जांभळा, थंड. आणि त्या थंड सांवलींत ओसरीखालीं उभ्या असलेल्या एका परक्या बाईच्या चेहऱ्यावर अंगणांतील उन्हाचा परतलेला उजेड पडला होता, तो मात्र ऊबदार होता. खांबाजवळच्या दगडाहून तो चेहरा फारसा उजळ नव्हता. तरीही डोळ्यांस निराळा कळत होता, कारण त्याचा रंग निराळा होता. माझें उत्तर मला तेथें मिळालें. चित्रास एक रंग पुरणार नव्हता. दोन हवे होते.

काळ्या फोटोस रंग देणें ही कांहीं आजकालची नवी टूम नव्हे. छायाचित्रणाची कला १८३९ सालीं जगापुढें आली आणि पुढच्याच वर्षीं फ्रान्समधील फिझो यानें तांब्यावरील चंदेरी चित्रांस सोन्याच्या द्रावणाचें स्नान घालून तीं अधिक टिकाऊ व सुरेख करण्याची रीत काढली. १८५० नंतर अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावर चित्रें होऊं लागलीं, तेव्हां त्यांसही सोन्याचें पाणी देण्याचा परिपाठ पडला; जुन्या संग्रहांतील त्या चित्रांचा जांभळट तपकिरी रंग पुष्कळ अंशीं त्या सोन्याचा आहे. मुंबईही मागें नव्हती. १८५४ सालीं येथें फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्यांतील एक नांवाजलेले छायाचित्रकार होते. पुढें मूकपटांच्या काळीं जगभर फिल्मच्या पट्टीसही रंग देत. टोनिंगनें काळ्या भागास एक रंग आणि रंगाच्या पाण्यांत बुडवून पांढऱ्या भागास दुसरा, असे दोन्ही प्रकार एकाच पट्टीवर केलेले आढळतात. घरांत रसायनांचा पसारा मांडण्यास जीं मंडळी नाकें मुरडतात, त्यांस मी दादासाहेब फाळक्यांच्या कुटुंबाचें स्मरण करून देतों. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटाच्या कामांत सरस्वतीबाई स्वतः फिल्मला भोंकें पाडीत व ती धुण्यास मदत करीत. आमच्या घरांतून मला इतकी मदत कधीं मिळाली नाहीं, पण प्रत्यक्ष विरोधही झाला नाहीं. आणि त्याचें कारण वासाचा प्रश्न मीं वेळींच सोडविला, हें आहे. तें पुढें येईल.

टोनिंगचें मर्म समजण्यास फारसें रसायनशास्त्र लागत नाहीं. फोटोंतील काळा रंग म्हणजे बारीक कणांच्या रूपांतील शुद्ध चांदी. देवघरांतील चांदीचें निरांजन जसें हवेनें काळवंडतें, तशी ही चांदीही हवेंतील ओलाव्यानें आणि वायूंनीं बिघडते. किंबहुना कण फार सूक्ष्म असल्यामुळें लवकर बिघडते. या चांदीचा संयोग आपण होऊन दुसऱ्या एखाद्या द्रव्याशीं घडवून आणिला, तर तिचा रंगही पालटतो आणि तिला एक प्रकारचें कवचही मिळतें. गंधकाशीं संयोग केला कीं उबदार तपकिरी रंग येतो, त्यास सेपिया म्हणतात. सेलेनियमनें काळा रंग अधिक गडद होतो, आणि ऊबदार जातीच्या कागदावर तो जांभळटाकडे झुकतो. सोनें शुद्ध चांदीवर निळसर छटा आणतें. परंतु तेंच सोनें गंधकाच्या स्नानानंतर वापरलें तर तांबूस नारिंगी रंग देतें. लोखंडाचे क्षार निळा देतात, पण ते चित्रास टिकाऊपणा देत नाहींत.

आतां एकाच चित्रास दोन टोनर द्यावयाचे तर सारी कसोटी क्रमांत आहे. सेलेनियमचा स्वभाव असा कीं तें आधीं जेथें चांदी दाट आहे तेथें, म्हणजे सांवल्यांत, काम करूं लागतें. उजळ भाग त्याच्या वाट्यास शेवटीं येतात. सेपियाचें याच्या उलट. त्यांत आधीं चित्र ब्लीचमध्यें घालून फिकें करावयाचें असतें, आणि ब्लीच प्रथम खातें तें उजळ भागांतील विरळ चांदी. म्हणजे एक द्रव्य सांवलीकडून उजेडाकडे चालतें आणि दुसरें उजेडाकडून सांवलीकडे. सेलेनियम आधीं देऊन योग्य वेळीं थांबलें, तर त्यानें व्यापलेल्या सांवल्या ब्लीचला दाद देत नाहींत; मग सेपियाच्या वांट्यास राहिलेला उजेडच येतो. दोघे मध्यें कोठेंतरी भेटतात. ती भेट कोठें व्हावी हें ठरविणें एवढेंच करणाऱ्याच्या हातीं. सेपिया आधीं देऊन मग सेलेनियम किंवा सोनें द्यावें, असेंही करतात. पण मग सांवलीचा वांटा उरलासुरला असतो. मला सांवली जपावयाची होती, म्हणून सेलेनियम आधीं.

माझ्यापाशीं भाच्यानें परदेशांतून आणलेल्या जाड, ऊबदार जातीच्या कागदाचे सात ताव उरले होते. प्रती हव्या होत्या चार: एक आत्यास, एकेक दोन्ही काकांच्या घरीं आणि एक आमच्याकडे. नवा कागद मागवून येण्यास महिना लागला असता, आणि आत्याचें पुण्यास जाणें आठ दिवसांवर आलें होतें. एक ताव फाडून उजेडाच्या चांचणीच्या पट्ट्या केल्या, दुसऱ्यावर माझा अंदाज चुकला. उरलेल्या पांचांवर मात्र प्रती मनासारख्या उतरल्या. एन्लार्जरखालीं आजीच्या चेहऱ्यापुरता बोटांचा आडोसा धरून तेथील उजेड थोडा कमी केला, जेणेंकरून ती अगदींच काळोखांत जाऊं नये. पण दगडाहून फार उजळही होऊं नये याची खबरदारी घेतली. मग तासभर पाणी बदलीत धुणें. कागदांत हायपो राहिला तर सेलेनियमचे डाग पडतात. जुन्या प्रतीनें तो धडा आधींच दिला होता. आमच्या इमारतींत नळास जोर असतो तो पहांटे, म्हणून तो सारा कार्यक्रम काकडआरतीच्या सुमारास पार पडला.

टोनिंगला अंधार लागत नाहीं. तें उजेडांत, गच्चीच्या दाराशीं केलें. सेलेनियम विषारी आहे. हातमोजे, उघड्या खिडक्या, स्वयंपाकघराशीं अजिबात संबंध नसलेलीं भांडीं, आणि उरलेलें द्रावण मोरींत न ओततां बाटलींत भरून कुलुपांत, हे नियम मी कडक पाळतों. सेपियाची जुनी रीत सोडियम सल्फाइडची. त्याचा सडक्या अंड्यासारखा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो. मी त्याऐवजीं थायोयूरिया आणि कॉस्टिक सोडा वापरतों. त्याला वास नाहीं, आणि सोड्याचें प्रमाण कमीजास्त करून तपकिरी रंग पिवळ्याकडे किंवा गडदाकडे वळवितां येतो. घरांतील शांततेचें श्रेय थायोयूरियाला आहे.

पहिली प्रत सेलेनियमच्या एकास नऊ द्रावणांत घातली. पाणी चांगलेंच कोमट होतें; अशा पाण्यांत रसायनें भराभर काम करतात या भीतीनें मीं दोन मिनिटांतच ती काढली. काळा रंग थोडा गहिरा झाल्यासारखा वाटला, तेवढ्यावर समाधान मानलें. धुऊन ती ब्लीचमध्यें सोडली. पुढच्या रांगेंतील चेहरे फिके होत गेले, पांढरीं धोतरें गेलीं, आत्याच्या वेण्यांची चमक गेली. येथें थांबावयाचें होतें. पण आजीच्या चेहऱ्यास अजून हात लागलेला नव्हता, म्हणून मी आणखी अर्धें मिनिट थांबलों. आणि त्या अर्ध्या मिनिटांत तिच्या चेहऱ्याबरोबर भोंवतालचा खांब, मागची भिंत, सारेंच विरघळल्यासारखें झालें. सेपियांत घातल्यावर चित्र परत आलें खरें, पण एकाच तपकिरी रंगाचें. आजी पुन्हां दगडांत मिसळून गेली. चूक ब्लीचची नव्हती. सांवल्यांस पहिल्या स्नानाचें कवच पुरतें चढूं देण्याआधींच मीं घाई केली होती. आतां चार ताव राहिले आणि चार घरें.

त्या संध्याकाळीं पुढचें काम हातीं घेण्याचा मला धीर झाला नाहीं. आत्याचें सामान बांधण्यास मदत करावी म्हणून मी तिच्याकडे गेलों आणि परत येतांना मंडपेश्वराकडे वळलों. पश्चिम बोरीवलींतील हें शैव लेणें कान्हेरीच्या मानानें लहान. शिवाचें नृत्य आणि शिवपार्वतीचें लग्न असे देखावे येथें कोरलेले आहेत. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं याचें प्रार्थनामंदिर केलें आणि वरच्या बाजूस मठ व चर्च बांधलें. मराठ्यांनीं साष्टी जिंकल्यावर तें ओस पडलें आणि आतां त्याच्या नुसत्या भिंती उभ्या आहेत. लेण्यांत एका भिंतीवर मोठा क्रूस कोरलेला आहे. त्या जागीं आधीं काय होतें हें आतां पाहून सांगतां येत नाहीं. नृत्याचा देखावा भंगलेला आहे, तरी हातांची झेप अजून ओळखूं येते. एकाच दगडावर दोन हात फिरले. जेथें पहिला टिकला तेथें दोघेही वाचतां येतात, जेथें तो पुसला गेला तेथें फक्त दुसराच. मी घरीं आलों तेव्हां उद्यां पहिल्या स्नानास किती वेळ द्यावयाचा, हा विचार माझ्या मनांत पक्का झाला होता.

दुसऱ्या दिवशीं पुतण्या आपण होऊन मदतीस आला. मीं त्याला एकच काम दिलें: सेलेनियम न दिलेली एक ओली प्रत शेजारच्या पाण्यांत ठेवली आणि दोहोंकडे आळीपाळीनें पाहत राहावयास सांगितलें. डोळा फार लवकर फसतो. बदल हळूहळू होतो आणि शेजारीं मूळ रंग असल्याखेरीज तो कळत नाहीं. दोन मिनिटें झालीं. "कांहीं नाहीं, काका." तीन झालीं. "खांबाच्या मागें थोडें." चारांवर दहा सेकंद गेले तेव्हां तो म्हणाला, "आतां वांग्याची साल." आत्याचा तो शब्द घरभर झाला होता. प्रत काढली, पाऊण तास धुतली. ब्लीच या वेळीं कालच्याहून निम्मा पातळ केला. पुढचे चेहरे गेले, धोतरें गेलीं, वेण्यांची चमक गेली, आणि मग सावकाश आजीचा चेहरा व लुगड्याचा पदर तेवढा फिका झाला. भिंत हालली नाहीं, खांब हालला नाहीं. पिवळें पाणी निघून जाईपर्यंत धुऊन प्रत सेपियांत घातली. काहीं क्षणांतच पायऱ्यांवर दुपारचें ऊन परत आलें. आणि मागें, जांभळट काळ्या सांवलींत, दगडाइतक्याच गडद पण निराळ्या, ऊबदार रंगांत आजी उभी होती. पुतण्या कांहीं बोलला नाहीं. पुढच्या तिन्ही प्रतींचे ट्रे त्यानेंच हालविले.

चार प्रती एकमेकींसारख्या तंतोतंत झाल्या नाहींत. अशा कामांत त्या होत नसतात. एकींत आजी थोडी अधिक स्पष्ट आहे, एकींत ऊन थोडें पिवळें आहे. आत्यानें सगळ्या खिडकीपाशीं ओळीनें मांडल्या आणि जींत आजी सर्वांत कमी दिसते ती उचलली. मी म्हटलें, "आत्या, या दुसरींत ती अधिक चांगली दिसते." ती म्हणाली, "मला ठाऊक आहे ती कोठें आहे. ती चांगली तुम्हीं ठेवा. तुमच्या नातवंडांना शोधावें लागेल."

पुण्यास जाण्याच्या दिवशीं तिनें ती प्रत दोन पुठ्ठ्यांमध्यें घालून, आपल्या जुन्या लुगड्यांत गुंडाळून, पेटींत अगदीं वर ठेवली. बोरीवली स्टेशनावर गाडी यावयास पांच मिनिटें होतीं. फलाटावरून इमारतींच्या फटींतून डोंगराचा एक तुकडा दिसत होता. तिसऱ्या प्रहरच्या उन्हांत तो गव्हाळ झाला होता. आत्यानें तिकडे पाहिलें आणि विचारलें, "तुझी ती दुसरी चप्पल सांपडली का रे फोटोंत?" मी नाहीं म्हटलें. "मग ती वरच राहिली असेल," ती म्हणाली. आणि गाडी आली.